प्रवासात कापडी डायपर: खरा प्रश्न वाळवण्याचा

एका आईची विचारणा थोडक्यात अशी आहे. मुलगा सात महिन्यांचा, महिन्याभरापूर्वी वरचं खाणं सुरू झालेलं. घरी ठाण्यात पॉकेट डायपर वापरतात, म्हणजे बाहेर पाणी अडवणारं आवरण आणि आतल्या खिशात शू शोषणारा जाड पॅड, इन्सर्ट; आणि सगळं सुरळीत चाललंय. आता गणपतीला पाच दिवस कुडाळजवळच्या गावी जायचंय. जाताना दिवसाची मांडवी एक्स्प्रेस, येताना रात्रीची गाडी. गावच्या घरी वॉशिंग मशीन नाही. सासूबाईंचं म्हणणं, "हे जाडजूड डायपर तिकडे वाळायचे नाहीत, लंगोट घेऊन चल." नवऱ्याचं म्हणणं, पाच दिवसांचा तर प्रश्न, विकतचे, वापरून टाकायचे वापर. आईला हवंय ते असं: कापडी न्यायचेच तर किती न्यायचे, ओले कुठे ठेवायचे आणि गाडीत बदलायचे कसे?

निकाल आधी देऊन टाकते. सासूबाई बरोबर आहेत. नवराही रात्रीपुरता बरोबर आहे. आणि तरीही कापडी नेता येतात, मजेत नेता येतात. फक्त घरी वापरता तेच उचलून पिशवीत भरलेत तर तिसऱ्या दिवशी रडकुंडीला याल.

हे मी ठामपणे सांगू शकते, कारण मी तशी रडकुंडीला आलेय. गेली अकरा वर्षं मी नव्या आयांना कापडी डायपरचं तंत्र शिकवतेय, पण पहिला धडा माझ्याच मोठ्या मुलीने दिला. ती आठ महिन्यांची असताना आम्ही गणपतीला राजापूरकडे गेलो. चौदा पॉकेट डायपर नेले होते, आत जाड इन्सर्ट. मनात हिशोब पक्का: दिवसाला सात, रोज धुवायचे, म्हणजे दोन दिवसांचा साठा. धुण्याची अडचण आलीच नाही. विहिरीवर दोन जावा मदतीला होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीतल्या दोरीवर अकरा इन्सर्ट लटकत होते आणि त्यातला एकही वाळलेला नव्हता. हाताला गार लागत होते. पावसाळ्यात कापड सर्द लागायचंच, अशी मनाची समजूत घालून मी त्यातलाच एक लावला. संध्याकाळपर्यंत मांड्यांच्या घड्या लालभडक. परतताना उरलेले ओलसर इन्सर्ट प्लास्टिकच्या पिशवीत चेन लावून भरले आणि घरी आल्यावर दमले म्हणून दुसऱ्या दिवशीही उघडले नाहीत. उघडले तेव्हा कुबट वास आणि काळे ठिपके. ते ठिपके शेवटपर्यंत गेले नाहीत.

तेव्हापासून प्रवासाची तयारी करताना मी एकच प्रश्न आधी विचारते: तिथे कापड किती वेळात वाळेल? धुणं कुठेही होतं, अगदी हॉटेलच्या बादलीतसुद्धा होतं. बाळ कापडात आहे की कागदात, याने बाळाला फारसा फरक पडत नाही. सगळं अडतं ते वाळण्यावर.

जाड इन्सर्टमध्ये बांबू किंवा सुती कापडाचे चार-सहा थर एकत्र शिवलेले असतात. शोषून घेण्याची त्यांची ताकद मोठी, पण वाळताना हवा फक्त वरच्या थराला लागते. मधल्या थरांतलं पाणी बाहेर यायला जागाच नसते. श्रावण-भाद्रपदातल्या कोकणात हवाच पाण्याने भरलेली असते, ती आणखी पाणी घेणार कुठून? मायक्रोफायबरचे इन्सर्ट त्यामानाने लवकर वाळतात, पण त्यांची वेगळी खोड आहे. दाबले की स्पंजासारखं पाणी सोडतात. बाळ कडेवर किंवा झोळीत दाबून बसलं की मांडीतून ओघळ. शिवाय मायक्रोफायबर थेट त्वचेला लावायचा नसतो, त्वचेचा ओलावा ओढून ती कोरडी पाडतो.

याउलट बाळोतं. मलमलचा एकपदरी चौकोन. वापरताना घड्या घालून बारा थरांचा, वाळत घालताना एका थराचा. आपल्या आज्यांनी हे शोधलं ते पावसाळ्यात पोरं वाढवताना. म्हणून म्हटलं, सासूबाई बरोबर. पण त्यांच्या लंगोटात मी एक बदल करते. नाडीचा त्रिकोणी लंगोट प्रवासात नको, तो एका शूमध्ये तुमची साडी आणि शेजाऱ्याची सीट दोन्ही भिजवतो. तुमच्या पॉकेट डायपरचं बाहेरचं आवरण तेवढं घ्या, आतला इन्सर्ट घरी ठेवा आणि त्याच्या जागी मलमलची घडी ठेवा. आवरणाचं अस्तर पातळ असतं, ते काही तासांत वाळतं. नुसती कव्हरं, म्हणजे खिसा आणि अस्तर नसलेली आवरणं, मिळाली तर आणखी छान. आत फक्त शू झाली असेल तर कव्हर पुसून, थोडी हवा लावून परत वापरता येतं. दोन कव्हरं आलटून पालटून चालतात. इलास्टिकला शी लागली तर मात्र ते धुण्यातच.

मलमल बाजारातून आणायला हरकत नाही, पण नवं कापड चार-पाच वेळा धुतल्याशिवाय नीट शोषत नाही. पहिल्या धुण्यात पाणी त्याच्यावरून घरंगळतं. गणपतीला आठवडा उरला असेल तर या भानगडीत पडू नका. सासूबाईंकडे जुनं सुती नऊवारी पातळ मागा. धुऊन धुऊन विरलेलं जितकं मऊ, तितकं उत्तम. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी. सत्तर सेंटिमीटरचा चौकोन धरला तर एका पातळातून अकरा चौकोन निघतात. रुंदीत जी पट्टी उरते ती फेकू नका. तिचे हातभर तुकडे करून घडीत मधे घालायला आणि बाळाचं अंग पुसायला वापरा. जरीचा काठ तेवढा कापून टाका, तो टोचतो.

घडी अशी. चौकोन मधोमध दुमडा, परत एकदा मधोमध दुमडा, म्हणजे पस्तीस सेंटिमीटरचा चौकोन झाला. आता त्याचे तीन पदर एकावर एक आणा. साधारण बारा सेंटिमीटर रुंद, पस्तीस लांब, बारा थर. मुलगा आहे, तेव्हा पुढचं टोक दोन बोटं आत वळवा. मुलांची शू पुढे जमा होते, मुलींची मधे. घडी कव्हरच्या बाहेर कुठूनही डोकावता कामा नये. कापडाचा एक कोपरा बाहेर राहिला की तो वातीसारखं काम करतो आणि झबलं पाठीपर्यंत भिजतं. गळतीच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्यांहून जास्त या एका कोपऱ्याच्या निघतात.

आता किती न्यायचे. सात महिन्यांच्या मुलाला दिवसरात्र मिळून सात-आठ लागतात. पावसाळी हवेत मलमल वाळायला एक पूर्ण दिवस धरा, पाऊस लागून राहिला तर दीड. म्हणजे एका दिवसाचे अंगावर, दीड दिवसाचे दोरीवर. सात गुणिले अडीच, झाले साडेसतरा. वीस चौकोन न्या, म्हणजे दोन पातळं. घडी घातल्यावर ते वीस मिळून तुमच्या पाच जाड इन्सर्टएवढी जागा घेतात. सोबत पाच कव्हरं आणि रात्रीसाठी तीन जाड इन्सर्ट. रात्री मलमलच्या घडीखाली इन्सर्ट घालायचा, म्हणजे पहाटेपर्यंत निभावतं. आणि हो, सहा-सात विकतचे डायपर पिशवीच्या तळाशी असू द्या.

हे वाचून कुणाच्या भुवया चढतील, पण चढू द्या. कापडी डायपर हे काही व्रत नाही की एक मोडला तर उद्यापन चुकलं. परतीची रात्रीची गाडी, बाळाचं पोट बिघडलेलं असेल तो दिवस, वीज गेली आणि पंखा बंद पडला तो दिवस, यांसाठी ते आहेत. पण पाचही दिवस तेच का वापरायचे नाहीत, हे नवऱ्याला पटवत बसू नका, त्यालाच एक प्रश्न विचारा: गावात ते टाकणार कुठे? ठाण्यात सकाळी घंटागाडी येते. वापरलेले डायपर नीट गुंडाळून वेगळे द्यायचे असतात, आणि शहरात ते देता तरी येतात. वाडीत घंटागाडी येत नाही. मग उरतं काय? परसात पुरायचं, तर कुत्री उकरून अंगणात आणून टाकतात. जाळायचं, तर ओला डायपर जळत नाही, नुसता धुमसतो आणि प्लास्टिकचा धूर घरभर. म्हणून तिथे वापरलेले सहा-सात डायपर वर्तमानपत्रात बांधून परत ठाण्यालाच आणायचे, अशा तयारीनेच न्यायचे. चाळीस कोण परत आणणार?

गाडीचं बघू. गणपतीत कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक चालू असतं, गाड्या एरवीपेक्षा हळू धावतात, त्यात जादा गाड्यांमुळे क्रॉसिंगला थांबणं आलंच. तेव्हा वेळापत्रकातल्या तासांवर दोन-तीन तास जास्तीचे धरूनच डायपर मोजा. दर अडीच-तीन तासांनी एक, वर दोन जास्तीचे. हे सगळे घरीच घडी घालून कव्हरमध्ये भरून तयार ठेवा. चालत्या गाडीत, गर्दीत, घड्या घालत बसायचं नाही.

खालचा बर्थ मिळाला तर अर्धं काम झालं. बाळाचं डोकं खिडकीकडे, पाय आपल्याकडे. खाली आधी प्लास्टिकचं शीट, त्यावर दुपटं. जुना डायपर उघडायच्या आधी नवा बाळाच्या कमरेखाली सरकवून ठेवा. जुना उघडला की लगेच काढून घेऊ नका, वरचा भाग क्षणभर तसाच झाकून ठेवा, कारण थंड हवा लागली की मुलगे फवारा सोडतात. पुसायला त्या उरलेल्या पट्टीचे तुकडे आणि थर्मासमधलं कोमट पाणी. थर्मास उघडताना झाकणात पाणी घ्या, तुकडा त्यात बुडवा. पुसून झालं की दुसऱ्या कोरड्या तुकड्याने मांड्यांच्या घड्या टिपा. इथे घाई करू नका. पावसाळ्यात पुरळ येतं ते बहुतेक वेळा या घड्यांत राहिलेल्या ओलाव्याने. पावडर नको. मांडीला इलास्टिक लावताना ते मांडीच्या जांघेत बसलं पाहिजे, चड्डीसारखं, मांडीच्या मध्यावर नाही. एक बोट आत जाईल इतपत सैल.

शू असेल तर घडी थेट वेट बॅगमध्ये, म्हणजे ओल बाहेर न येऊ देणाऱ्या चेनच्या पिशवीत. शी असेल तर एकाने बाळ धरायचं, दुसऱ्याने टॉयलेटमध्ये जायचं. वरचं खाणं सुरू झालंय म्हणजे शी थोडी बांधलेली असेल, ती डायपर झटकून भांड्यात पडते. जेट असेल तर त्याने, नाहीतर मगाने एक धार मारा, पिळा, आणि बॅगेत. बेसिनमध्ये धुवायला जाऊ नका. तिथे मागचा माणूस तोंड धुणार असतो. आणि शी झेलायला डायपरमध्ये जे पातळ लायनर घालतात, त्यांच्या पाकिटावर ‘फ्लश करा’ लिहिलेलं असलं तरी रेल्वेच्या भांड्यात टाकू नका. डब्यांना आता बायो-टॉयलेट आहेत, त्यांच्या टाकीत जिवाणू मैला पचवतात, कापड-कागद पचवत नाहीत. टाकी तुंबली की सगळ्या डब्याचा प्रवास वास घेत होतो.

वेट बॅग दोन न्या. एक ओल्यांसाठी, एक कोरड्यांसाठी, आणि दोन्हींचे रंग वेगळे. अंधारात हात घालायची वेळ येतेच. ओल्यांची चेन घट्ट लावायची नाही, दोन बोटं उघडी ठेवायची. वास येईल अशी भीती वाटते, पण उलटं आहे. पूर्ण बंद केलं की शूचा अमोनिया आत साठतो, आणि ओलाव्याला बुरशी धरते. गाडीतून उतरल्यावर त्या दिवशीचे ओले त्याच रात्री साध्या पाण्यातून काढायचेच, मग कितीही दमलेलं असा. दमून झोपले, त्याचा परिणाम वर सांगितलाच आहे.

कारने जाणाऱ्यांसाठी एवढंच: चालत्या गाडीत मांडीवर बदलू नका, थांबा. आणि लहान मुलांच्या सीटवर बाळ फार वेळ दाबून बसतं, तिथे मायक्रोफायबर हमखास गळतो. सुती घडीच बरी. एसटीने जाणार असाल तर निघायच्या आधी डेपोत एकदा बदलून मगच चढा. घाटातल्या वळणांवर बदलायचा प्रयत्न मी एकदा केलाय, परत करणार नाही.

गावी पोचल्यावर. धुण्याची पावडर घरून मोजून न्या, लहान डबीत. ठाण्यात घेता त्याच्या निम्मी पुरेल. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी हलकं असतं, चिमूटभर पावडरला बादलीभर फेस येतो, आणि तो फेस नीट निघाला नाही तर कापडात राहतो, त्यानेही पुरळ येतं. देशावर बोअरचं जड पाणी असतं तिथे याच्या उलट: पावडर जास्त लागते, तरी इन्सर्ट लाकडासारखे कडक होतात. कपडे मऊ करायचं लिक्विड कुठेच घालू नका, त्याचा थर बसला की कापड पाणी धरत नाही. झिंकचं घट्ट क्रीमही तसंच. त्वचेला काही लावायचंच तर थोडं खोबरेल.

क्रम असा ठेवा: पहाटे, घरातली गडबड सुरू व्हायच्या आधी, रात्रीचे आणि कालचे आधी साध्या पाण्यातून, मग पावडरच्या गरम पाण्यातून, मग दोनदा स्वच्छ पाण्यातून. न्हाणीच्या चुलीवर हंडा असतोच, पाणी तिथून घ्या. उकळतं पाणी मलमलला चालतं, कव्हरला नाही. कव्हरच्या आतला पाणी अडवणारा पातळ थर उष्णतेने सुटतो आणि मग ते कव्हर उरत नाही, नुसतं चित्रांचं कापड उरतं.

पिळण्यात बरंच काम होतं. हाताने पिळून झालं की एक कोरडा पंचा पसरा, त्यावर मलमलचा चौकोन पसरा, दोन्ही मिळून वळकटी करा आणि वळकटीवर गुडघा देऊन दाबा. पंचा ओला होतो, चौकोन जवळजवळ निम्मा वाळलेला निघतो. मग तो एकपदरी, दोरीवर दोन चिमट्यांनी, शेजारच्या चौकोनाला न चिकटता. हवा खेळली पाहिजे. दोरी घरात, पंख्याखाली असेल तर उत्तम. पाऊस उघडला की धावत जाऊन उन्हात टाका, तासाभराचं ऊनसुद्धा डाग आणि वास दोन्ही नेतं. कव्हरं मात्र सावलीत, कडक उन्हात इलास्टिक सैल पडतं.

दोरी कुठे बांधायची हे आधी विचारून घ्या. गणपतीचं घर आहे, सोवळंओवळं पाळणारी माणसं असतील, आरतीला शेजारपाजारचे येतात. ओटीवर किंवा पुढच्या पडवीत बाळोती नकोत, मागच्या पडवीत बांधा. हे कुणाला जुनाट वाटेल, पण एका दोरीवरून सणात कुरबूर कशाला?

घरच्या वडीलधाऱ्या बायका शेगडीतल्या निखाऱ्यांवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर बाळोती वाळवायला सांगतील. माझ्या आजेसासूबाई तसंच करत. वाळतात छान, उबदारही होतात. फक्त समोरून हलायचं नाही, आणि कव्हर चुकूनही त्या टोपलीवर जाता कामा नये. त्याहून सोपी इस्त्री. वीज असेल तेव्हा किंचित दमट राहिलेल्या चौकोनांवरून गरम इस्त्री फिरवली की दोन मिनिटांत खडखडीत.

वाळलंय की नाही हे हाताने ओळखू नका. पावसात सगळंच कापड हाताला गार लागतं, तिथेच मी फसले. घडी करून गालाला किंवा वरच्या ओठाला पाच सेकंद लावून धरा. कोरडं असेल तर तेवढ्यात ऊब धरतं. गारच राहिलं तर परत दोरीवर.

एवढं करूनही लाली आली तर दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास बाळाला दुपट्यावर उघडं ठेवा, बदलण्यातलं अंतर दोन तासांवर आणा. लालीच्या कडेला बारीक पुटकुळ्या असतील आणि घड्यांमध्ये जास्त असेल तर ती बुरशी असू शकते. तेलपाणी करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. जुलाब लागले तर त्या दिवशी कापडाचा हट्ट सोडा, विकतचे काढा. बाळाचं दूध चालू ठेवा, ओआरएस द्या, आणि शू कमी झाली किंवा बाळ मलूल वाटलं तर कुडाळला दवाखाना गाठायला संध्याकाळची वाट बघू नका.

परतीच्या दिवसाचं गणित उलटं मांडा. निघायच्या आदल्या दिवशी दुपारनंतर काहीही धुवायचं नाही, वाळणार नाही. त्यानंतरचे सगळे वापरलेले नुसते साध्या पाण्यातून काढून, पिळून, वेट बॅगेत, चेन दोन बोटं उघडी. धुतलेले पण अर्धवट ओले राहिलेच तर ते सुती पिशवीत, प्लास्टिकमध्ये नाही. रात्रीच्या गाडीत चढण्याआधी विकतचा लावा आणि झोपा. पहाटे ठाण्याला उतरताना बाळ ओलं असणारच, तेव्हा एक तयार डायपर पिशवीत सगळ्यात वर, लगेच हाताशी येईल असा ठेवा. आणि घरी पोचल्यावर चहा टाकायच्या आधी ती ओली पिशवी मशीनमध्ये रिकामी करा.

आणखी एक. सासूबाईंकडे पातळ मागाल तेव्हा ते फाडायचं काम त्यांनाच करू द्या. कात्रीने एक इंचाची चीर द्यायची आणि पुढे हाताने टर्रकन फाडायचं, सुती कापड धाग्याला धरून सरळ फाटतं. माझ्या सासूबाईंनी अकरा चौकोन चहा निवायच्या आत फाडून दिले होते. मी कात्रीने कापत होते, माझे सगळे वाकडे.